शांत टाकी

४ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत कशी आहे? तुझी कंबर धरायची, ती अजून धरते का? पिंपं हलवायचं काम असेल तर वाकून उचलू नकोस. तिरकं करून कडेवर फिरवत न्यायचं, पिंप आपल्या पायाने चालतं. भिंगरीचा डावा कान थंडीत वाहायचा, तो थांबला का? सहाची झाली असेल, की सातवं लागलं? तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत? तुझ्या भावाचा दमा? तुमच्या जिन्याखाली एक लंगडं मांजर असायचं, ते आहे की गेलं? एकेकाचं कळव. आमचं म्हणशील तर मी बरा आहे. तुझ्या सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतात काढून टाकू, त्या म्हणतात, "बघण्यासारखं काय उरलंय?" 

तुझं पत्र परवा कारखान्यात माझ्या नावाने आलं. घरी न पाठवता इथे पाठवलंस, शहाणी आहेस. माझा मुलगा, तुझा नवरा, गेल्याला तीन वर्षं झाली. तू लेकीला, भिंगरीला घेऊन माहेरी निघून गेलीस त्याला तीन वर्षांना नऊ दिवस कमी. एवढ्या काळात पहिलं पत्र, आणि ते चार ओळींचं. "मी एका बिअरच्या दुकानात वाढायचं काम करते. बारा नळ आहेत. दहा एप्रिलला मालक परीक्षा घेणार. डोळे बांधून चव घ्यायची आणि प्रकार ओळखायचा. जमलं तर कायम करतील. तुम्हाला यातलं कळतं म्हणून विचारते." वर नमस्कार नाही, खाली सही नाही. चालेल. तहानलेल्याने भांडं घासलेलं आहे का ते बघू नये.

तर ऐक. मी चौथीपुढे शिकलो नाही हे तुला माहीत आहे. पिंपं धुता धुता लेबलं वाचायला शिकलो आणि लेबलं वाचता वाचता बिअर. त्यामुळे माझं सांगणं पुस्तकासारखं असणार नाही. पुस्तकातली नावं तुझा मालक देईल, मी नाती सांगतो.

सगळ्या बिअरची घराणी दोनच. एक एल, दुसरं लागर. बाकी जी शंभर नावं तुझ्या पाटीवर खडूने लिहिलेली असतील ती याच दोघांची पिलावळ. लोक रंगावर जातात. तू जाऊ नकोस. रंग म्हणजे धान्य किती भाजलं एवढंच. काळी एल असते तशी काळी लागरही असते, आणि दोन्ही सोनेरीही असतात. घराणं ठरतं ते यीस्टवरून. एलचं यीस्ट उबेत वाढतं, वरच्या बाजूला काम करतं, आणि चार-पाच दिवस नुसता धिंगाणा घालतं. फेस टाकीबाहेर येतो. कान लावलास तर आत कढई चुरचुरल्यासारखा आवाज. म्हणून एलच्या चवीत पिकल्या फळाचा वास राहतो. लागरचं यीस्ट थंडीत काम करतं, तळाशी बसून, आठवड्यांमागून आठवडे. म्हणून तिची चव स्वच्छ, धुतल्या काचेसारखी. एल म्हणजे लग्नघरात दारात उभी राहून सगळ्यांना हाका मारणारी आत्या. लागर म्हणजे मागच्या खोलीत एकटीने शंभर पानांचं रांधणारी काकू. लागर खालून काम करते, वर काही कळत नाही. हे वाक्य पाठ कर. माझं नाही ते.

हे पत्र मी लेबलांच्या खोलीत दुपारच्या सुट्टीत लिहितोय. घरी सांगितलेलं नाही.

तुझे
बाबा


१४ मार्च

चि. सूनबाईस,

पत्र मिळालं, आणि या खेपेला दोन पानं. भिंगरीचा कान बरा आहे हे वाचून बरं वाटलं. मांजर गेलं त्याचं वाईट वाटलं. तुझा भाऊ अजून सिगरेट ओढतो आणि दम्याचं औषधही घेतो, म्हणजे एका हाताने विझवतो आणि दुसऱ्याने पेटवतो. त्याला माझ्या वतीने दोन शब्द सुनाव.

गव्हाच्या बिअरचा किस्सा वाचून मी एकटाच हसलो. गिऱ्हाईकाला म्हणालीस, थांबा, ही नासलीय, आणि अख्खा ग्लास मोरीत ओतलास. आणि मालक म्हणाला, "ताई, ती गढूळच असते. उद्या काळ्या बिअरला साबण लावू नका म्हणजे झालं." मनावर घेऊ नकोस. गव्हाची बिअर गाळत नाहीत, यीस्ट तिच्यातच तरंगत ठेवतात. डोळे बांधल्यावर तिला ओळखायची ती वासाने. लवंगेचा वास आणि मागून पिकल्या केळ्याचा. यात लवंगही नसते आणि केळंही नसतं, दोन्ही यीस्टची करणी. घराण्याने ती एल.

पेल एल म्हणजे एलच्या घरातली मधली मुलगी, सगळं बेताचं. तिच्यात हॉप्स वाढवले, हॉप्स म्हणजे त्या वेलाची कडू फुलं, की झाली आयपीए. घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडूपणा उभा राहिला आणि नाकात संत्र्याच्या सालीचा वास आला तर बेलाशक आयपीए सांग. पोर्टर आणि स्टाउट या दोघी काळ्या बहिणी. पोर्टर चॉकलेटकडे झुकते, स्टाउट कोऱ्या कॉफीकडे. काळी म्हटली की लोकांना वाटतं जहाल असणार. तसं काही नाही, पुष्कळदा सोनेरीच जास्त चढते.

लग्न होऊन आलीस त्या आठवड्यात त्याने तुला स्टाउटचा एक घोट दिला होता, आठवतं? तू तोंड वाकडं करून विचारलंस, "ही करपली तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं का?" तो तीन दिवस हसत होता. आमच्या कारखान्यात प्रत्येकाला गाठून सांगायचा, माझी बायको म्हणते तुमचं लक्ष नव्हतं.

तू विचारलंस, मी अजून टाक्यांवर आहे का. नाही. मी आपणहून लेबलांच्या खोलीत बदली मागून घेतली. बाटल्या येतात, लेबल वाकडं चिकटलं असेल तर बाजूला काढतो. तुला आठवत असेल, मला तिकडे सगळे 'कानवाले' म्हणायचे. टाकीला कान लावून मी सांगायचो, हिचं अजून दोन दिवस आहे, हिचं आटपलं. तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, असं लोक म्हणायचे. लोकच कशाला, मीही म्हणायचो. आता मी कशालाच कान लावत नाही.

पिल्सनर आणि बाकीच्या लागरचं पुढे लिहितो. आज हात दुखतोय.

तुझे
बाबा


२४ मार्च

चि. सूनबाईस,

तुझं पत्र वाचलं. आंबट बिअरबद्दल विचारलं होतंस, ते आधी लिहितो. ती मुद्दाम आंबवलेली असते. आपल्या टाकीत जे जंतू शिरले तर आपण ती ओतून देऊ, तेच ते लोक बोलावून आणतात. पहिल्या घोटाला गाल आत ओढले जातात. चुकायची भीती नाही.

बाकी जे लिहिलं आहेस त्यावर काय लिहू? जे झालं ते झालं. तू तरुण आहेस, पुढे बघ. मनाला लावून घेऊ नकोस. लागरचा ग्लास उचलवत नाही म्हणतेस, तर मालकाला सांग की अकरा नळ ओळखते, बारावा सोडा.

जास्त लिहीत नाही, सुट्टी संपत आली.

तुझे
बाबा


२७ मार्च

सूनबाई,

मागचं पत्र फाडून टाक. ते पत्र नव्हतं, चोराने भिंतीकडे तोंड करून उभं राहावं तसं होतं ते. तीन दिवस तुझा कागद शर्टाच्या खिशात घेऊन हिंडतोय. तू लिहिलं आहेस तेच इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे मला त्याच्याकडे पाठ फिरवता येणार नाही.

"त्या दिवशी सकाळी मी त्याला म्हणाले, प्रत्येक गोष्ट बाबांना विचारून करतोस. एकदा तरी स्वतःच्या डोक्याने वाग. तो डबा न घेता निघून गेला. आणि त्याच दिवशी मेणबत्ती न सोडता टाकीत उतरला. म्हणजे त्याने माझंच ऐकलं, बाबा. आई दारात मला जे बोलल्या ते खोटं नव्हतं."

तुमचा आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला होता, टेबलावर राहिलेला डबाही पाहिला होता. पण भांडण कशावरून ते मला आजवर माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, असेल काहीतरी, नवराबायकोचं. माहीत असतं तर मी जे केलं ते केलं नसतं, असं म्हणायला मन धजत नाही. तरीही केलं असतं, असंच वाटतं.

आता मी सांगतो ते सावकाश वाच. भिंगरी जवळ असेल तर तिला खेळायला पाठव.

तुला मेणबत्तीचा नियम माहीत आहे. बिअर आंबते तेव्हा हवेपेक्षा जड असा वायू तयार होतो. तो पाण्यासारखा टाकीच्या तळाशी साचून राहतो, दिसत नाही, वास येत नाही. म्हणून धुवायला उतरायच्या आधी पेटती मेणबत्ती दोरीने तळापर्यंत सोडायची. जळत राहिली तर तोंडाशी उभ्या असलेल्याने मोठ्याने म्हणायचं, "जगली." मग उतरायचं. विझली तर त्या दिवशी टाकीचं तोंड उघडं ठेवून घरी जायचं.

आमच्या जुन्या टाक्या लाकडी, बुटक्या, खाली दार असलेल्या. त्यात एल व्हायची. दार उघडलं की वायू वाहून जायचा. एलचं काम बंद पडलं की टाकी मुकी होते, आणि ते मला कानाने कळायचं. हळूहळू मी असलो की कोणी मेणबत्ती काढेनासं झालं. कानवाले आहेत ना, मग कशाला. मलाही ते गोड लागायचं. मी कान लावायचो आणि मीच म्हणायचो, "जगली." मेणबत्ती न पेटवता.

मग मालकांनी लागर काढायचं ठरवलं. उंच पोलादी टाक्या आल्या, तोंड फक्त वर. त्याला दोन महिने शिकायला पाठवलं. परत आला तेव्हा जेवताना मला सांगायचा, "बाबा, लागर खालून काम करते, वर काही कळत नाही. तिला ऐकून उपयोग नाही." मी म्हणायचो, "हो रे बाबा, तुझ्या वयाइतकी वर्षं मी हेच करतोय." आता कळलं असेल ते वाक्य कोणाचं होतं.

त्या दिवशी तिसरी टाकी धुवायची होती. बिअर आदल्या दिवशी काढलेली, तळाशी यीस्टचा गाळ. आम्ही दोघे वर तोंडाशी, आणि खाली पंपवाला. मी पोलादाला कान लावला. आत काही नाही. मी म्हणालो, "शांत आहे. उतर."

तो उतरला नाही. तो म्हणाला, "बाबा, आज मेणबत्ती सोडू या."

मी म्हणालो, "का? माझे कान म्हातारे झाले?"

"तसं नाही. हिचं शांत असणं वेगळं असतं. सोडू या ना, दोन मिनिटांचं काम."

जन्मात कधी त्याने मला एकच गोष्ट दुसऱ्यांदा म्हटली नव्हती. मी हसलो. खाली पंपवाल्याला ऐकू जाईल असा हसलो आणि म्हणालो, "दोन महिन्यांची शाळा तीस वर्षांना शिकवतेय. जा, जगली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. लहानपणी औषधाचा चमचा पुढे केला की बघायचा तसं. आणि उतरला. सहाव्या पायरीवर त्याचा हात सुटला. ओरडला नाही, हाक मारली नाही. टाकी आधी जेवढी शांत होती तेवढीच शांत राहिली. मी त्याच्या मागे आत उतरत होतो, तर पंपवाल्याने वर धावत येऊन मला मागून कवेत घट्ट धरलं. खालच्या नळीतून पंपाने हवा सोडून त्याला बाहेर काढेपर्यंत अकरा मिनिटं गेली.

तिसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. त्यांनी विचारलं, मेणबत्ती सोडली होती का? मी म्हणालो, "मी सांगितलं होतं, त्याने ऐकलं नाही. सकाळी घरात वाद झाला होता, त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं." हे मी म्हणालो, सूनबाई. माझ्याच तोंडाने. पंपवाला शेजारी उभा होता. त्याने मान खाली घातली आणि म्हाताऱ्याला सांभाळून घेतलं. त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही.

साहेबांच्या कागदावरून ते घरी आलं. तुझ्या सासूबाईंनी तुला दारात उभं करून विचारलं, तुझ्या जिभेने मारलंस ना माझ्या पोराला. भिंगरी तुझ्या कडेवर होती. मी आत खुर्चीवर बसून होतो, माझ्या हातात चहाचा कप होता, आणि मी तो पीत होतो. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस. मी कपात पाहिलं.

म्हणून हे नीट समजून घे. तू म्हणालीस, एकदा तरी स्वतःच्या डोक्याने वाग. तो वागला. तीस वर्षं मुरलेल्या बापासमोर उभं राहून त्याने दोनदा मेणबत्ती मागितली. ते तुझ्या भांडणाने त्याला दिलं होतं. तुझं ऐकून तो वाचत होता. माझं ऐकून गेला.

मी क्षमा मागत नाही. क्षमा मागणं म्हणजे तुझ्याकडून अजून काहीतरी घेणं.


२ एप्रिल

चि. सूनबाईस,

आधीच्या पत्राचं उत्तर आलेलं नाही, यायलाच हवं असंही नाही. पण दोन गोष्टी झाल्या, त्या तुला कळायला हव्यात.

सोमवारी मी कारखान्याच्या कचेरीत जाऊन सगळं लिहून दिलं. चौकशीचे ते साहेब आता नाहीत, नव्या बाई आहेत. त्यांनी दोनदा विचारलं, आजोबा, तुम्हाला याचा परिणाम माहीत आहे ना? मी म्हणालो, परिणाम तीन वर्षांपूर्वी झाला, आता फक्त कागद व्हायचाय. पंपवाल्याला बोलावलं. त्याने वाचलं आणि खाली सही केली. बाहेर आल्यावर म्हणाला, "कानवाले, फार उशीर केलात." तीन वर्षांनंतरचं त्याचं पहिलं बोलणं. मी म्हणालो, हो. त्या कागदाची नक्कल सोबत आहे. भिंगरी वाचायला लागली की तिला दे. तिचे वडील बेफिकिरीने गेले नाहीत हे तिने कागदावर वाचावं. आजोबाबद्दल तिचं जे मत व्हायचं ते होऊ दे.

दुसरी गोष्ट. मंगळवारी सकाळी तुझ्या सासूबाईंना सांगितलं. त्या खिडकीपाशी बसून बोटांनी चाचपत शर्टाला बटण लावत होत्या. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं. त्यांची सुई थांबली नाही. मग म्हणाल्या, "त्याने मेणबत्ती मागितली होती?"

"हो."

"आणि तुम्ही हसलात?"

"हो."

दोरा तोडला, गाठ मारली. "तिला लिहिलंत?"

"लिहिलं."

"मी तिला दारात काय बोलले ते लिहिलंत?"

"ते तिला माहीतच आहे."

"मग मी काय बोलायला हवं होतं तेही लिहा."

"काय लिहू?" मी विचारलं. त्या उठल्या. अंथरूण आतल्या खोलीत नेलं. आज तिसरा दिवस. ताट वाढून ठेवतात आणि आत जातात. त्यांनी काय बोलायला हवं होतं ते मला लिहिता येत नाही. इतकी वर्षं खोटं सांगून त्यांचं वाक्य मीच भलतं करून ठेवलं होतं, आता त्यांच्या वतीने बोलायचा हक्क मला नाही. म्हणून ती जागा मोकळी सोडतो.

 

परीक्षा आठ दिवसांवर आली. पिल्सनर राहिली होती. लागरच्या घरातली सोनेरी, फेस पांढरा आणि दाट, घोट कोरडा, शेवटी हॉप्सचा स्वच्छ कडूपणा, आणि मागे काहीच उरत नाही. तिच्याहून गोडसर आणि भाकरीच्या कडेसारखी लागली तर ती साधी लागर, पिल्सनर नव्हे. बारावा नळ सोडू नकोस. मी मागे लिहिलं होतं सोड म्हणून, तो भित्र्याचा सल्ला होता. ग्लास उचल, आणि मालकाने विचारलं की ही कशावरून लागर, तर तुझ्या नवऱ्याच्याच शब्दांत सांग. ते त्याचं शिकवणं आहे, माझं नाही.

निकाल काय लागला तो कळव. आणि एक विनंती. या वेळी पत्र कारखान्यात पाठवू नकोस. घरी पाठव, तुझ्या सासूबाईंच्या नावाने. त्यांना दिसत नाही, मलाच वाचून दाखवावं लागेल. त्यात माझ्याबद्दल जे काही असेल ते सगळं, एकही शब्द न गाळता, मी मोठ्याने वाचीन. शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने.

लवकर लिही.

बाबा